बॉम्बे हायचे तेल लाव्ह्यातून आलेले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात खनिज तेलाच्या उगमाविषयी एका वाचकाचे सविस्तर पत्र नुकतेच प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तेल मृत जीवांपासून बनते ही पाश्चात्त्य कंपन्यांनी पसरवलेली समजूत आहे, प्रत्यक्षात ते पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने सतत तयार होत असते आणि भेगांतून वर येत असते, म्हणूनच उपसलेले साठे पुन्हा भरतात, बॉम्बे हायच्या बुडाशी लाव्ह्याचा खडक आहे हाच त्याचा पुरावा, आणि ज्याअर्थी महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याच लाव्ह्यावर वसला आहे, त्याअर्थी सह्याद्रीत खोल विहिरी खणल्यास आयातीतून आपली सुटका होईल. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून विकत घेत असताना असा विचार कुणाच्या मनात आला तर नवल नाही. पण या पत्रात पुरावा म्हणून दिलेले एकच विधान खरे आहे, ते म्हणजे बॉम्बे हायच्या तळाशी लाव्ह्याचा खडक असल्याचे, आणि त्या एका विधानाच्या आधारावर उभारलेला बाकीचा डोलारा टिकणारा नाही. तेलविहिरींवर खडकांचे नमुने तपासण्यात माझी नोकरी गेली असल्याने हे उत्तर लिहिणे मला भाग वाटले. जागा थोडी जास्त मागतो आहे, त्याबद्दल आगाऊ क्षमस्व.

प्रथम, ज्या प्रक्रियेला पत्रलेखक समजूत म्हणतात ती काय आहे ते सांगतो. उथळ समुद्रात, खाड्यांत, नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत आणि मोठ्या सरोवरांत डोळ्यांना न दिसणारे शैवाल आणि प्लवक अफाट प्रमाणात वाढतात व मरतात. त्यांच्या अवशेषांतील बहुतेक सर्व भाग इतर जीव खाऊन टाकतात किंवा पाण्यातील प्राणवायूमुळे त्याचे विघटन होते. तळाच्या गाळात कायमचा गाडला जातो तो एक टक्क्याहूनही कमी. ज्या ठिकाणी तळाच्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि वरून बारीक चिखल सतत पडत राहतो, तिथे हे प्रमाण वाढते. अशी परिस्थिती केवळ प्राचीन काळीच होती असे नाही. आपल्या अरबी समुद्रात आजही सुमारे २०० मीटरपासून १,००० मीटरपर्यंतच्या खोलीत प्राणवायूची अतिशय कमतरता असलेला पाण्याचा थर आहे, आणि जिथे तो थर खंडाच्या उताराला टेकतो तिथल्या चिखलात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते.

हा चिखल थरावर थर साचून खाली दबत जातो, घट्ट होऊन त्याचा शेल नावाचा काळपट, पापुद्र्यांचा खडक बनतो आणि त्यातील सेंद्रिय द्रव्याचे रूपांतर केरोजेन या घन पदार्थात होते. केरोजेन म्हणजे अद्याप तेल नव्हे. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. शेल जेव्हा साधारण ६० अंशांच्या पुढे तापतो तेव्हा केरोजेनचे मोठे रेणू तुटू लागतात आणि द्रवरूप हायड्रोकार्बन सुटतात. ढोबळमानाने १२० ते १५० अंशांपर्यंत तेल मिळते. त्यापुढे तेलाचेही तुकडे पडतात आणि उरतो तो वायू. साठा वायूचा असेल की तेलाचा, हे जसे तापमानावर ठरते तसे मूळ द्रव्यावरही ठरते: शैवाल आणि प्लवक यांच्यापासून मुख्यतः तेल, तर लाकूड, पाने अशा जमिनीवरच्या वनस्पतींपासून मुख्यतः वायू. याखेरीज कमी खोलीवर, कमी तापमानात, जिवाणूंनी तयार केलेला मिथेनही असतो. या सर्वाला लागणारा काळ लाखो ते कोट्यवधी वर्षांचा आहे, आणि पत्रलेखकांच्या ‘पुन्हा भरतात’ या दाव्याची पहिली अडचण तिथेच आहे.

तयार झालेले तेल जिथे बनले तिथेच राहत नाही. खडकांची छिद्रे मुळात खाऱ्या पाण्याने भरलेली असतात आणि तेल पाण्याहून हलके असते, त्यामुळे ते छिद्रांतून व फटींतून वर सरकत जाते. वाटेत अभेद्य खडकाचे छत आडवे आले नाही तर ते थेट पृष्ठभागावर येऊन वाया जाते; आसामात दिगबोईला १८८९ मध्ये विहीर खणली गेली ती जमिनीवर दिसणाऱ्या अशाच पाझरांच्या खुणेवरून, आणि हिमाचलातील कांगड्याजवळ ज्वालामुखी देवीच्या देवळात जळणाऱ्या ज्योतीही अशाच पाझरणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत. निर्माण झालेल्या एकूण तेलापैकी अडवले गेले ते थोडेच, असे मानले जाते. ते जिथे अडते तिथेही भूमिगत तळे वगैरे काही नसते. भिजवलेल्या विटेत पाणी मुरलेले असते तसे ते वालुकाश्माच्या किंवा चुनखडकाच्या छिद्रांत मुरलेले असते. शाळेच्या पुस्तकांतील आकृत्यांत खडकाच्या दोन थरांमध्ये काळ्या शाईने भरलेली पोकळी दाखवतात, तिने या बाबतीत बराच गैरसमज करून ठेवला आहे.

आता बॉम्बे हायविषयी, कारण पत्रलेखकांचा मुख्य साक्षीदार तोच आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्याखाली हे क्षेत्र आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने झालेल्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात तिथे एक प्रचंड घुमटासारखी रचना दिसली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने खणलेल्या विहिरीत फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. या घुमटाच्या अगदी तळाशी दख्खनचा बेसाल्ट, म्हणजेच लाव्ह्याचा खडक, आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक आहे, हे पत्रलेखकांनी बरोबर सांगितले आहे. परंतु त्यांनी त्या बेसाल्टच्या वर काय आहे ते सांगितलेले नाही.

बेसाल्टचे हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्यानंतर भारताच्या पश्चिम कडेला भूकवच ताणले गेले, सेशेल्सचा तुकडा वेगळा होऊन दूर गेला आणि आजच्या किनाऱ्यालगत लांबट, खोलगट द्रोणी तयार झाल्या. त्यांत साधारण ६ कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वी दलदली, खारकच्छे, खाजणे आणि उथळ समुद्र यांचा गाळ भरत गेला. तेव्हा आपला भूखंड विषुववृत्ताच्या जवळ होता आणि किनाऱ्यावर घनदाट सदाहरित जंगल होते. त्या जंगलाचा जमिनीवरचा पुरावा पाहायचा असेल तर सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत तो मिळाला आहे: तिथल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत राळेचे खडे सापडतात आणि त्या राळेत अडकलेले कीटक पायाच्या लवेसकट शाबूत आहेत. समुद्राखाली याच सुमाराच्या शेल आणि कोळशाच्या थरांना भूशास्त्रज्ञ पन्ना फॉर्मेशन म्हणतात. बॉम्बे हायचे तेल आले आहे ते प्रामुख्याने या थरांतून.

आणि ते तेल आज आहे कुठे? त्याचा मुख्य साठा समुद्रतळाखाली साधारण १,३०० ते १,४०० मीटरवर असलेल्या, एल-थ्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडकात आहे. हा चुनखडक मायोसीन काळातला, म्हणजे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा. उगमाचा खडक आणि साठ्याचा खडक यांच्या वयात तीन कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे. घुमटाच्या माथ्यावर पन्ना फॉर्मेशन अतिशय पातळ आहे किंवा मुळीच नाही. ते जाड आहे ते घुमटाच्या आजूबाजूच्या खोलगट भागांत, ज्यांतील काहींना सुरत, मुरूड अशी किनाऱ्यावरच्या गावांची नावे दिलेली आहेत. तिथे खोल गाडल्या गेलेल्या शेलला पुरेशी उष्णता मिळाली (आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत ती सरासरीहून जास्त वेगाने वाढते, आणि बेसाल्टला श्रेय द्यायचेच तर त्या ताणलेल्या, तापलेल्या भूकवचाच्या इतिहासापुरते द्यावे), तेल सुटले आणि ते चढणीने माथ्याकडे सरकत येऊन चुनखडकात शिरले. समुद्राची पातळी मधूनमधून खाली गेल्यावर हा चुनखडक उघडा पडला होता आणि पावसाच्या गोड्या पाण्याने त्यात बारीक पोकळ्या केल्या होत्या, म्हणून तेलाला जागा मिळाली. आणि वर शेलचे जाड आच्छादन बसले होते म्हणून ते तिथे थांबले. तेल लाव्ह्यातून सरळ वर आले असते तर ते सर्वात आधी आणि सर्वात जास्त बेसाल्टमध्ये मिळायला हवे होते. ते मिळते बेसाल्टच्या कितीतरी वर असलेल्या, समुद्री जीवांच्या कवचांनी बनलेल्या खडकात.

हा फरक कागदावर वाचण्यापेक्षा हातात घेतला तर जास्त स्पष्ट होतो, म्हणून विहिरीवरच्या कामाचे थोडे वर्णन करतो. बिटने फोडलेल्या खडकाचे बारीक तुकडे, ज्यांना रिगवर सगळेच कटिंग्ज म्हणतात, ड्रिलिंगच्या मडबरोबर (विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर) वर येतात आणि शेल शेकरच्या थरथरत्या जाळीवर अडकतात. ते गोळा करून धुवायचे, पांढऱ्या थाळीत पसरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि मग अंधाऱ्या पेटीत अतिनील प्रकाशाखाली धरायचे, हे दिवसरात्र चालणारे काम. साठ्याच्या चुनखडकाचा तुकडा मळकट पांढरा दिसतो. त्यात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय समुद्री जीवांची गोल, चकतीसारखी कवचे ओळखू येतात आणि कवचांच्या आत, कवचांच्या मध्ये सुईच्या टोकाएवढ्या पोकळ्या असतात. अतिनील प्रकाशात नेमक्या त्या पोकळ्या पिवळसर चमकतात. त्यावर द्रावकाचा एक थेंब टाकला की तुकड्यातून दुधाळ धागे निघून थेंबात पसरत जातात. तेलाचा ‘शो’ मिळाला म्हणतात तो हा. पन्ना फॉर्मेशनमधला शेल काळा, बोटांनी पापुद्रे सुटणारा, मध्येच कोळशाच्या कपच्या आणि पायराइटचे पिवळे चमचमणारे कण असलेला. पायराइट तयार होतो तो जिथे प्राणवायू नसतो अशा गाळात, म्हणजे सेंद्रिय द्रव्य टिकण्यासाठी जी परिस्थिती लागते तिची खूण शेल स्वतःच सोबत घेऊन येतो. आणि बेसाल्टचा तुकडा? तो गडद, निर्जीव, कधी हिरवट छटेचा. अतिनील प्रकाशात तो काळाच राहतो. चमकलाच तर त्याची भेग चमकते, खडक चमकत नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आग्नेय खडकात, म्हणजे बेसाल्ट, ग्रॅनाइट अशा तप्त रस थिजून बनलेल्या खडकात, तेल सापडल्याची उदाहरणे आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. बॉम्बे हायच्या तळखडकातूनही काही विहिरींना तेल मिळाले आहे. गुजरातेत वडोदऱ्याजवळ पादरा येथे दख्खनच्या बेसाल्टमधून तेल निघते. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळील बाक हो हे क्षेत्र तर ग्रॅनाइटमधल्या तेलासाठी जगप्रसिद्ध आहे आणि अजैविक उगमाचे, म्हणजे तेल सजीवांविना बनते या मताचे, समर्थक त्याचे नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. परंतु या सर्व ठिकाणी आग्नेय खडक भेगाळलेला आहे, उंचवट्यावर आहे आणि त्याला लागून किंवा त्याच्या वर सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेल आहे: पादऱ्याला खंभातच्या द्रोणीतील शेल, बाक होला सरोवरात साचलेला ऑलिगोसीन काळातील शेल. शेलमधले तेल शेजारच्या भेगांत शिरले, एवढाच त्याचा अर्थ. बाक होच्या तेलाचे रासायनिक घटक त्या सरोवरी शेलशी जुळतात. अशा शेलची सोबत नसलेल्या ग्रॅनाइटात किंवा बेसाल्टात व्यापारी प्रमाणावर तेल मिळाल्याचे एकही उदाहरण माझ्या वाचनात नाही, आणि पत्रलेखकांनीही दिलेले नाही.

मग तेल जिवांपासूनच आले हे कशावरून, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर तेलातच आहे. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कच्च्या तेलात पॉर्फिरिन वर्गाचे रेणू शोधून काढले आणि त्यांची रचना हरितद्रव्याच्या रेणूशी नाते सांगणारी असल्याचे दाखवले. फरक इतकाच की हरितद्रव्यातील मॅग्नेशियमच्या जागी तिथे व्हॅनेडियमसारखा धातू येऊन बसलेला असतो. त्यानंतर असे अनेक रेणू सापडले. जिवाणूंच्या पेशीपटलांतून आलेले होपेन, शैवालादी सजीवांच्या स्टेरॉल द्रव्यांपासून आलेले स्टेरेन, सपुष्प वनस्पतींच्या राळेशी व मेणाशी नाते सांगणारे ओलियानेन. सपुष्प वनस्पती पृथ्वीवर फोफावल्या त्यापूर्वीच्या शेलमधून आलेल्या तेलात ओलियानेन सहसा आढळत नाही, नंतरच्या तेलात आढळते. पृथ्वीच्या पोटातील रसायनांना जमिनीवर फुलझाडे केव्हा आली हे कसे कळावे? शिवाय सजीव हलका कार्बन, म्हणजे कार्बन-१२, अधिक पसंत करतात आणि तेलातील कार्बनमध्ये तोच कल दिसतो. याच रेणूंच्या साह्याने आज कुठल्या विहिरीचे तेल कुठल्या शेलमधून आले ते प्रयोगशाळेत जुळवून पाहता येते, आणि नवीन विहीर कुठे खणायची हा कोट्यवधी रुपयांचा निर्णय अशा जुळणीच्या भरवशावर घेतला जातो.

‘पाश्चात्त्य कंपन्यांची समजूत’ या आरोपावर एक गंमत सांगण्याजोगी आहे. अजैविक उगमाचा विचार रशियातच जास्त रुजला. खुद्द मेंडेलीव्ह यांनी १८७० च्या दशकात, भूगर्भातील धातूंच्या कार्बाइडवर पाण्याची क्रिया होऊन तेल बनत असावे असे मांडले होते, आणि १९५१ मध्ये सोव्हिएत भूशास्त्रज्ञ निकोलाय कुद्रियाव्त्सेव्ह यांनी या कल्पनेला नवे रूप दिले. तरीही त्याच दशकात सोव्हिएत तज्ज्ञ भारताला तेलशोधात मदत करण्यासाठी आले तेव्हा त्यांनी आपल्याला दख्खनचा बेसाल्ट फोडायला सांगितले नाही. त्यांनी गाळाच्या खडकांच्या द्रोणींकडे बोट दाखवले. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले ते अशाच द्रोणीत. पंडित नेहरूंनी अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला ‘वसुधारा’ हे नाव दिले. पश्चिम सायबेरियातील सोव्हिएत महासाठेही समुद्री शेलच्या कृपेचे आहेत.

अजैविक उगमाच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. मिथेन हा अतिशय साधा रेणू आहे आणि तो सजीवांविना बनू शकतो. शनीच्या टायटन या उपग्रहावर मिथेनची सरोवरे आहेत आणि तिथे जंगले होती असे कुणी म्हणत नाही. तुर्कस्तानात यानार्ताश येथे डोंगरावर जळत असलेल्या वायूतील बराच भाग खडक आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून बनलेला आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. पण एका कार्बनचा मिथेन बनणे वेगळे आणि बॉम्बे हायच्या तेलातील डझनावारी कार्बनअणूंचे, जैविक सांगाडा जसाच्या तसा जपलेले रेणू बनणे वेगळे. शिवाय प्रश्न केवळ बनण्याचा नसून साठा होण्याचा आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांच्या आग्रहावरून १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये सिल्यान येथील प्राचीन उल्काविवरात, ग्रॅनाइटमध्ये साडेसहा किलोमीटरहून अधिक खोल विहीर खणण्यात आली होती. त्यांच्या मते उल्काघाताने भेगाळलेल्या त्या खडकातून खोलवरचा वायू विपुल मिळायला हवा होता. मिळाला तो सुमारे ८० पिंपे तेलकट गाळ, आणि त्यातही ड्रिलिंगसाठी वापरलेल्या तेलाचा वाटा किती यावर वाद झाला. अजैविक कल्पनेची याहून प्रामाणिक आणि याहून खर्चीक परीक्षा सहसा कुणी घेतलेली नाही.

राहता राहिला ‘साठे पुन्हा भरतात’ हा मुद्दा. यासाठी नेहमी मेक्सिकोच्या आखातातील यूजीन आयलंड क्षेत्राचा दाखला दिला जातो, जिथे घटत गेलेले उत्पादन १९९० च्या दशकात पुन्हा वाढले. तिथे एका मोठ्या भ्रंशाच्या वाटेने खालच्या, जुन्या शेलमधून अजूनही थोडे तेल वर सरकते आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे आधीच बनलेले तेल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आले. बॉम्बे हायच्या बाबतीत तर आकडेच बोलतात. १९८० च्या दशकात दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे देणारे हे क्षेत्र आज साधारण त्याच्या एक-तृतीयांश तेल देते, आणि तेही आपोआप नव्हे: दाब टिकवण्यासाठी खडकात पाणी सोडावे लागते, जुन्या विहिरींतून फाटे काढावे लागतात, नवे प्लॅटफॉर्म उभारावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने या क्षेत्राचे उत्पादन सावरण्यासाठी ब्रिटनच्या बीपी या कंपनीला तांत्रिक सहकारी म्हणून निवडले. खालून भरणाऱ्या साठ्याला अशा सहकाऱ्याची गरज पडली नसती.

याच संदर्भात, त्याच सदरात दुसऱ्या एका वाचकाने तेल डायनोसॉरपासून बनते असे ओझरते लिहिले होते, तेही दुरुस्त व्हावे. सिंक्लेअर या अमेरिकन कंपनीने १९३० च्या सुमारास डायनोसॉरला आपले बोधचिन्ह केले तेव्हापासून ही कल्पना जगभर फिरते आहे. डायनोसॉरची हाडे आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला सापडतात, तिथे तेल नाही. त्याच जिल्ह्यातला कोळसा डायनोसॉर जन्मण्याच्याही आधीच्या जंगलांचा आहे. आणि बॉम्बे हायचे तेल ज्या गाळातून आले तो साचला तेव्हा डायनोसॉर नष्ट होऊन लाखो वर्षे उलटली होती.

शेवटी सह्याद्रीतील विहिरींविषयी. पत्रलेखकांनी सुचवलेला प्रयोग वेगळ्या कारणांसाठी, पण प्रत्यक्षात झालेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत संशोधनासाठी विहीर खणली गेली तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्टच्या खाली गाळाचा जेमतेम ८ मीटरचा थर आणि त्याखाली लगेच प्राचीन नाइस खडक लागला. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने ३ किलोमीटर खोल विहीर खणली, जी २०१७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर मध्ये गाळाचा कुठलाही थर न येता थेट ग्रॅनाइट सुरू झाला आणि पुढे ग्रॅनाइटच राहिला. पत्रलेखकांचा सिद्धान्त बरोबर असता तर भेगाळलेल्या, आजही भूकंप होत असलेल्या या खडकाहून तेल वर येण्यास अधिक सोयीची वाट दुसरी नव्हती. तिथे तेलाचा साठा मिळाला नाही.

याचा अर्थ बेसाल्टखाली शोधच घेऊ नये असा मात्र नाही, आणि या एका बाबतीत पत्रलेखकांच्या उत्सुकतेशी मी सहमत आहे. लाव्हा वाहून येण्यापूर्वी साचलेले मध्यजीव काळातील गाळाचे खडक पश्चिम व मध्य भारतात काही ठिकाणी बेसाल्टखाली दबलेले आहेत. कच्छ, सौराष्ट्र, नर्मदा-तापीच्या पट्ट्यात आणि लगतच्या समुद्राखाली त्यांचा अभ्यास बराच काळ चालू आहे. अडचण अशी की बेसाल्टचे एकावर एक बसलेले कठीण थर सर्वेक्षणाच्या ध्वनिलहरी विखरून टाकतात आणि खालचे चित्र धूसर होते, त्यामुळे चुंबकीय, गुरुत्वीय आणि विद्युत मोजणीची जोड द्यावी लागते. तिथे उद्या वायू किंवा तेल मिळाले तर ते बेसाल्टच्या खालच्या शेलमधले असेल, आणि कोकणात वा साताऱ्यात विहीर कुठे खणावी हे ठरवण्याआधी तिथे बेसाल्टखाली असा शेल आहे का, असल्यास त्यात सेंद्रिय द्रव्य किती आहे आणि तो किती तापला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मागावी लागतील. कोयनेत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूशास्त्रज्ञ, रायगड जिल्हा